टीटीवाय-तीन

गुप्तेबाईंचा फोन, चरईतून, रात्री साडेनऊला:
"अरे, सगळं गेलं. चित्रं गेली, नातवाचा फोटो गेला.
काळं झालंय, आणि वर नुसतं 'लॉगिन' म्हणून थांबलंय."

काही गेलेलं नाही, म्हटलं.
कंट्रोल, ऑल्ट, एफ-तीन एकदम दाबलं गेलं तुमच्याकडून.
डेस्कटॉप शेजारच्या खोलीत आहे, दिवा तसाच चालू.
तुम्ही आलात ती खोली कन्सोल.
इथे चित्रं नाहीत,
टाइप कराल तेवढंच हिला कळतं.

"मग परवा तू दाखवलीस ती काळी खिडकी?"

ती टर्मिनल. डेस्कटॉपच्याच खोलीत
मांडलेली ह्या खोलीची नक्कल.

बाई गप्प.
मग चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज.

"इथे टीटीवाय-तीन लिहिलंय.
टीटीवाय म्हणजे टेलिटाइप ना रे?
तेवीस वर्षं बसले मी त्याच्यापुढे, तारऑफिसात.
मशीन नंबर तीनच.
मला वाटलं होतं, भंगारात गेलं."

आता कंट्रोल, ऑल्ट, एफ-दोन दाबा, मी म्हटलं,
फोटो परत येईल.

"येईल रे. थांब जरा.
हे केव्हाचं नाव विचारतंय,
सांगू तरी दे."