पस्तीस अक्षरं

दुआर्ननेच्या धक्क्यावर, सार्डिनच्या बंद कारखान्यामागे
माझी एक खोली आहे.
नऊ वर्षं तिथे बसून मी एक अ‍ॅप लिहिलं:
समुद्र केव्हा चढेल, केव्हा उतरेल,
शिंपले वेचणाऱ्यांना मधे किती वेळ मिळेल.
आकडा चुकला तर पाय भिजतात,
आणि कधी कधी पायांवर भागत नाही.
म्हणून प्रत्येक आकडा तीनदा तपासलेला.

सोमवारी स्टोअरकडून उत्तर आलं.
आकड्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

सारांश पस्तीस अक्षरांच्या आत हवा.
त्यात अ‍ॅपचं नाव पुन्हा नको,
'सर्वोत्तम' नको, उद्गारचिन्ह नको.
आयकॉनमध्ये बारीकसारीक फार आहे.
स्क्रीनशॉटमध्ये खिडकी पूर्ण दिसावी, कडेच्या सावलीसकट,
आणि ती रिकामी नसावी.
खाली सही: एक स्वयंसेवक, कुठल्या तरी दूरच्या रात्री जागा.

गुरुवारी आम्ही चौघं बारमध्ये जमतो.
एवेन म्हणाला, हे म्हणजे बोट बुडतेय
आणि बंदराचा साहेब विचारतोय, रंग कुठला लावलास?
त्याचं पावत्यांचं अ‍ॅप तीनदा परत आलंय.
'गुणवत्ता' हा शब्द तो आता
दातात काटा अडकल्यासारखा उच्चारतो.

सोआझिग म्हणाली, नियम नसते
तर पहिल्या पानावर नुसते ओरडणारे दिसले असते.
मी मासळीबाजारात वाढले.
सगळ्यात मोठा आवाज कालच्या बांगड्याचा असतो.

टांगीने मत दिलंच नाही.
माझा फोन घेतला, हात लांब केला,
डोळे बारीक केले आणि विचारलं,
ही माशी आहे का रे?

ते दीपगृह होतं.
सव्वीस खिडक्या, गॅलरीचा कठडा,
दारावर पितळी मूठ. त्या मुठीवर माझे तीन रविवार गेले होते.

रात्री खिडक्या बुजवायला बसलो.
एक गेली, दोन गेल्या, बारा गेल्या,
कठडा गेला, मूठ गेली (एवेनला सांगू नका, मी थोडा थांबलो).
चौथ्या मजल्यावरची एक राहिली,
जिथून वडील पाइपची राख झटकत.
तीही गेली.
उरला एक पांढरा दांडा आणि वर पिवळा ठिपका.
हात लांब केला. दीपगृह.

सारांश आधी तीन ओळींचा होता,
त्यात माझी नऊ वर्षं कोंबलेली.
कापत कापत आलो:
भरती, ओहोटी आणि मधला वेळ.

मग स्क्रीनशॉट. खिडकी रिकामी नको म्हणून
सप्टेंबरातली मोठी उधाणाची तारीख घातली,
आपला किनारा निवडला, चित्र घेतलं,
आणि परक्या माणसासारखा पाहत बसलो.
'आता परता' हा इशारा
पांढऱ्यावर फिकट करड्या रंगात,
तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत.
नऊ वर्षं.
भर उन्हात, ओल्या हातांनी, कोणी वाचलाच नसेल.

नियमावलीत याचं कलम नाही.
मी शोधलं. सावलीचं आहे.

अक्षरं लाल केली, मोठी केली, वर आणली.
बुधवारी उत्तर: छान झालंय,
पण आयकॉन किंचित डावीकडे सरकलाय.
एवेन इतका हसला की ग्लास सांडला.
आयकॉन मी सरकवला.

म्हाताऱ्या मारिव्होनला स्टोअर कशाशी खातात ठाऊक नाही.
नातवाने फोनवर घालून दिलं, ती ठोकते बोट.
शनिवारी धक्क्यावर तिने मला अडवलं.
खिडक्या कुठे गेल्या?
सव्वीस होत्या. मी मोजल्या होत्या.

काय सांगणार? दुरून दिसावं म्हणून, असं काहीतरी पुटपुटलो.
मी दुरून कुठे बघते, ती म्हणाली,
आणि अ‍ॅप उघडलं.
लाल अक्षरं होती.
तिने पाण्याकडे पाहिलं, बादली उचलली,
आणि वाळूवरच्या दोघींना हाक मारायला निघाली.