शेऱ्याचा रकाना

सकाळी नऊ-दहाला, माझगावच्या फाटकापाशी
मशीन माझा अंगठा ओळखत नाही.
पुन्हा ठेवा, म्हणतं. पुन्हा ठेवते.
तुस्कानो वॉचमन ओला रुमाल पुढे करतो,
"ॲसिटोननं रेषा गेल्या बाई तुमच्या."
मग तोच वहीत लिहितो: हजर.

वरच्या मजल्यावर कायमचा संग्रह.
पाटीवर तसंच लिहिलंय, पितळी अक्षरांत.
सोमवारी बंद असतं तेव्हा मी ती चिंच लावून घासते
तरी 'कायमचा'मधला पहिला काना
गुरुवारपर्यंत काळा पडतोच.

कपाट सात. मातीची माणसं, वीतभर उंचीची.
कासार, तांबट, पिंजारीण, भिस्ती,
पालखीचे भोई, चारातले तीन.
चौथ्याचं काय झालं ते जुन्या रजिस्टरात आहे:
"गहाळ."
खाली दुसऱ्या शाईत, "सापडला."
त्याच्याही खाली, पेन्सिलीनं,
"तो हा नव्हे."

हे रजिस्टर संगणकात भरायचं, हे माझं काम.
क्रमांक, वस्तू, उंची, दाता, स्थिती.
कारागीर: अज्ञात.
कारागीर: अज्ञात.
आता नुसता अ दाबला की उरलेलं यंत्रच पुरवतं.

आर्द्रतेचा काटा एक्क्याऐंशीवर.
गोदीकडून वारा सुटला की
भिस्त्याच्या पखालीला खरोखरच ओल येते.
फाईल वर गेली आहे. वरून यायची आहे.
तोवर मी सिलिकाचे मणी, गुलाबी झाले की,
पँट्रीतल्या तव्यावर भाजून निळे करते
आणि परत ठेवते भोयांच्या पायाशी.

बुधवारी कुंभारवाड्यातून एक म्हातारे आले,
जेरामभाई, नातीच्या शाळेच्या सहलीबरोबर.
पोरं खाली तोफेवर चढली होती.
हे कपाट सातपाशी वाकून उभे, काचेला नाक लावून.
म्हणाले, "आनं भट्टी पाहिली नाय.
नुसती उन्हात वाळवलेली. एक बादली पाणी, बस."
मी म्हटलं, पण इतकी वर्षं टिकलीय की.
"इतकी वर्षं," ते म्हणाले, "कोणी ओतलं नाय."

त्या दुपारी पिंजारणीला बाहेर काढलं,
कापसाच्या गादीवर आडवी केली
(तिला बरं वाटलं असेल, कापूस),
आणि तळाशी, जिथे बघणारं कुणी नसतं,
अंगठा.
ओल्या मातीतून उचलताना उमटलेला,
मधून तिरकी चीर, जुन्या कापल्याची.
रेषा इतक्या स्वच्छ की भिंग लागलं नाही.
फाटकावरच्या मशीननं
एका दमात आत घेतलं असतं त्याला.

माझा करार अकरा महिन्यांचा.
हा आठवा.

हातमोजा काढला. नियमात बसत नाही.
माझा अंगठा त्यावर टेकवला, न दाबता.
माझा मोठा पडला.
म्हणजे पोरगा असेल, बारा-तेराचा,
बापाच्या हाताखाली तळ सपाट करणारा.
किंवा बाई.
इतके महिने मी त्याला 'तो' म्हणत होते
ते कुणाला विचारून?

संगणकात शेऱ्याला चाळीस अक्षरांची जागा.
"तळाशी अंगठ्याचा ठसा, लहान, चीर असले"
इथवर घेतलं, मग नुसतंच टुक टुक वाजत राहिलं.

म्हणून जुनं रजिस्टर उघडलं.
पानाला कसरीची भोकं, शाई गंजाच्या रंगाची.
कारागीर या रकान्यात
कुणीतरी वळणदार 'अज्ञात' लिहून
खाली रेघ ओढलेली.
मी ते खोडलं नाही.
पेन्सिलीला टोक काढलं आणि शेजारी,
तुस्कानो लिहितो तसं, घाईच्या अक्षरात:
हजर.

पिंजारीण उभी केली. कुलूप लावलं.
मणी गुलाबी झाले होते,
तवा ठेवला.