शेरा

परभणीत, विद्यापीठाच्या मागच्या अंगाला,
बाभळींच्या रांगेपाशी एक खोली आहे.
तिथं जोंधळ्याला मुद्दाम आळी लावतात.

केरबा वाघीकर अठ्ठावीस वर्षं हेच करत आला.
भरडलेली ज्वारी भट्टीत तापवायची,
मूठभर शेंगदाण्याचं कूट, चिमूटभर गंधक,
वरून अंडी भुरभुरायची, मीठ टाकल्यासारखी,
आणि ट्रेवर कापड ताणून
चाळीस दिवस वाट बघायची.

"घरी ज्वारीत जाळी दिसली
की बायको कपाळाला हात लावती," तो सांगायचा,
"हितं नाही दिसली की साहेब."

मी नवी होते. मला वाटायचं, कीटकशास्त्र म्हणजे
सूक्ष्मदर्शक, लॅटिन नावं,
थर्माकोलवर टाचलेली देखणी फुलपाखरं.
पहिल्या आठवड्यात हाती आला तो झाडू
आणि ट्रेमागून ट्रे करडी पाखरं,
निघाल्यापासून मरेपर्यंत काही न खाणारी,
कुणी वळून बघणार नाही अशी.

केरबा परीक्षानळीत एकेक घ्यायचा.
बोट पंखाला लागायचं नाही.
पिंपाच्या जाळीतून अंडी गळायची,
ती ब्रशनं गोळा करायची, चाळायची, मोजायची.
एका घनसेंटीमीटरला अठरा हजार.
"मपल्या गावाच्या सहापट," म्हणायचा,
आणि बाटलीचं झाकण घट्ट लावायचा.

मग निळा दिवा. पाऊण तास.
आतला जीव जातो, कवच राहतं.
डिंकाच्या पट्टीवर चिकटलेल्या त्या कवचात
दुसरीच एक माशी येऊन अंडी घालते,
पूर्णविरामावर बसली तर दिसणार नाही एवढी,
गांधीलमाशीची लांबची नातलग, डंखाबिंखाची भानगड नसलेली.
चौथ्या दिवशी पट्टी काळी पडते.
काळी पडली म्हणजे पास.

मानवतच्या पुढं, आशामती काकड्यांच्या कापसात
आम्ही पट्ट्या घेऊन गेलो.
कंबरेवर हात ठेवून त्या म्हणाल्या,
"ह्याच्यात औषध कुठाय? वास बी येईना."
मी बोंडअळीवर व्याख्यान सुरू केलं.
केरबानं पट्टी त्यांच्या कानाशी धरली. "ऐका."
काहीच ऐकू आलं नाही.
दोघंही हसत सुटले.
आणि बाईंनी ती पट्टी स्वतः टाचली,
पानाखाली, सावलीच्या बाजूनं,
मी अजून सांगितलंही नव्हतं.

पंखांची भुकटी फुप्फुसात जाते.
सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "तंबाखू?"
"नाही. पाखरं."
डॉक्टरनं तंबाखूच लिहिलं.

रजिस्टरचा शेवटचा रकाना: शेरा.
बाकी सगळ्यांचा कोरा. केरबाचा भरलेला.
"पाऊस. पाखरं कमी."
"लाईट गेली, दिवा लागला नाही. आळ्या निघाल्या,
पट्टीवरचं सगळं खाऊन बसल्या. जाळलं."
"मुलीचं लग्न. अंडी दुसऱ्यानं गोळा केली. नीट केली नाहीत."

निरोपाच्या दिवशी शाल, नारळ, पेढे.
साहेब अकरा वेळा 'जैविक नियंत्रण' म्हणाले.
संध्याकाळी मी बघितलं:
एक पेटी त्यानं दिव्याखाली ठेवलीच नव्हती.
माझा गळा दाटून आला. अठ्ठावीस वर्षांनी,
शेवटच्या दिवशी का होईना, एवढी तरी...
"मामा, ही सोडून दिली?"
ट्रेला बुरशी लागल्यावर बघावं
तसा तो माझ्याकडं बघत राहिला.
"बियाण्याला लागतेत की, मॅडम.
समदीच मारली तर उद्याला
ट्रेत काय घालताव?"

आज खोलीत मी एकटी.
अंडी: सव्वादोन घनसेंटीमीटर.
शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन बराच वेळ अडलं.
घशात काहीतरी खवखवत होतं.
शेवटी लिहिलं:
लाईट आहे. पाखरं बरी.