सातव्या रंगात कोण

काचेचा एक केस.
त्यातून सोळा रंग जातात, एकाच वेळी,
आणि सोळांतला एकही डोळ्याला दिसत नाही.
लालच्या पलीकडचे सगळे. त्यांना नावं नाहीत, नुसते आकडे.
एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात;
नोलवेन ल गॉफ रोज सोळा ठेवते.

लानियोंची प्रयोगशाळा, रात्रीचे अडीच.
खाली लेगेर नदीला ओहोटी, होड्या चिखलात कुशीवर.
टेबलावर काळ्या गव्हाच्या घावनाचा गार तुकडा.
तांगीने सातवा लेझर बंद केला.
पडद्यावर पंधरा सुळके उरायला हवे होते.
होते सोळा.

"बटण नीट दाबलंस?"
"अगं, केबलच उपटली, बघ."
हातात पिवळी दोरी घेऊन तांगी उभा,
शेळी सुटून गेलेल्या माणसासारखा.

सातव्या जागी एक उजेड.
बुटका, फिकट,
कुणीच न पाठवलेला.

आई आठवली. स्वाझिग. साल अठ्ठावन्न,
मोर्लेचं टेलिफोन-घर, कानाला जड काळं यंत्र.
एका तारेवर बारा बोलणी चढवलेली, प्रत्येकाची पट्टी वेगळी,
कुणी काळी एकात, कुणी पांढरी पाचात,
पेटी मात्र एकच.
पॅरिसचा वकील मृत्युपत्र वाचून दाखवतोय
आणि त्याच्या वाक्यांच्या फटीतून
कुणी बाई रोस्कॉफच्या कांद्यांचा भाव सांगतेय,
ब्रेटनमध्ये.
ही भाषा तोंडातून निसटली म्हणून
शाळेत स्वाझिगच्या गळ्यात लाकडी खडाव अडकवला होता,
दिवसभर.
नियम असा, की गळती ऐकू आली तर दोरी काढायची.
स्वाझिगने काढली नाही.
भाव पूर्ण ऐकला, मग वहीत लिहिलं: किरकोळ खरखर.

नोलवेनला भुताचं कारण ठाऊक आहे.
तीन प्रकाश एकाच वेगाने, हातात हात घालून
पंचवीस किलोमीटर चालले,
आणि अंगात जोर जरा जास्त असला,
की त्यांच्यात चौथा जन्मतो.
कुठे, तेही ठरलेलं:
पाच अधिक आठ, वजा सहा.
आपणच रंगांना कवायतीला उभं केलं, सारख्या अंतरावर,
मग भूतही शिस्तीत येऊन रांगेतच उभं राहणार.

आणि पुढे स्विच आहे.
नखाएवढ्या चौकटीत आरसे;
प्रत्येकाने आपला रंग आला की मान वळवायची,
हा ब्रेस्टला, हा रेनला.
आरसा ओळखपत्र विचारत नाही.
सातव्यात जो बसला असेल त्याला सातव्याच्या घरी पोचवतो.
असाच होतो ध चा मा.

म्हणून रांग मोडायला बसली.
इथे दोन घरं सोडली, तिथे पाच, मग तीन,
मग एकदम सात, मग तांगीशी थोडं भांडण,
मग पुन्हा दोन. कुठलीही दोन अंतरं सारखी होऊ द्यायची नाहीत,
हे बोलायला सोपं.
पावणेसहाला पडद्यावरचे सुळके
कीर्तनाला उशिरा आलेल्या माणसांसारखे बसले होते,
जागा मिळेल तिथे, गुडघे आखडून.

सातवा लेझर पुन्हा लावला. जागेवर आला. स्वच्छ.
पुन्हा उपटला: काळोख.
तांगीने टाळी वाजवली, मग स्वतःच ओशाळला.

भूत गेलं नव्हतं.
पाचव्याच्या पलीकडे, सहाव्याच्या अलीकडे,
जिथे कुणाचंच बोलणं नाही
त्या रिकाम्या पट्टीत बसलं होतं.
"गाळून टाकू?"
"राहू दे. आकडा तेवढा वाच."

तांगीने वाचला.
नोलवेनने तो आधी ब्रेटनमध्ये पुटपुटला,
एकदा अडखळून, कारण मोठे आकडे आईने शिकवलेच नव्हते,
मग फ्रेंचमध्ये वहीत उतरवला
आणि घावन खाल्लं.