तिसरं प्रूफ

वडगावात, मागांच्या खटखटीला लागून आमचा छापखाना.
मी इथे ऱ्हस्व-दीर्घ बघतो.
पुस्तक डॉ. निरंजन सामंतांचं
(औषधांचे डॉक्टर नव्हेत),
प्रकरण चौथं: ‘झपाटलेपण, एक प्रतिभाषा’.

ते लिहितात, भूत असतं की नसतं
हा प्रश्नच शिळा आहे, साहेबी अमदानीतला.
भूत म्हणजे दडपलेल्याचं परतून येणं.
हडळ म्हणजे घरानं न ऐकलेली बाई.
वाक्य चांगलं आहे. मी दोनदा वाचलं,
एकदा अनुस्वारासाठी, एकदा असंच.

पान एकशे बारा.
‘खानापूर तालुक्यातील एका मराठीभाषक स्त्रीच्या तोंडून
भूत कन्नडात बोललं.’
पुढे साडेतीन पानं सीमा.
अलीकडची जीभ, पलीकडचं भूत,
नकाशानं कापलेलं मन अंगात येऊन सांधलं जातं, वगैरे.
खाली बारीक टायपात तळटीप:
निवेदक एक स्त्री, वय अंदाजे सत्तर.

ती माझी आत्या. भागीरथी मोदगेकर.

साहेब, आमच्याकडे भुतालासुद्धा दोन्ही भाषा येतात.
वांग्याचा भाव कन्नडात,
नवऱ्याला शिव्या मराठीत,
म्हशीला घातलेली हाक कुठली
ते अजून कुणी ठरवलेलं नाही.
पाटीवरच्या अक्षरांवरून दगड चालतात, खरं आहे.
चुलीपाशी नाही चालत.

त्या रात्री तिच्या अंगात आलं म्हणून
बैलहोंगलाकडचा एक जाणता आणला होता.
गुडघा तिच्या पाठीवर, मूठ तिच्या केसांत,
नाकाखाली घमेलं.
त्याला मराठी येत नव्हतं.
आणि भूत बोललं:
बिड्री यप्पा, उसिर कट्टतैति.
सोडा हो बाबा, श्वास कोंडतोय.

बस. एवढंच बोललं ते.
ज्याचा गुडघा, त्याच्या भाषेत.

रूपकाला मिरच्यांची धुरी देत नाहीत, साहेब.
प्रतिभाषेच्या तोंडाला फेस आला
तर तिच्या दातांत चमचा कोंबत नाहीत.
पुढे बेळगावच्या सिव्हिलमध्ये एका चष्मेवाल्या बाईनं
पांढरी गोळी लिहून दिली, रोज रात्री एक.
दोन अक्षरांचा आजार: फिट.
साडेतीन पानं लागली नाहीत.

हे सगळं काल आत्याला फोनवर ऐकवलं,
जरा जोरातच.
ती म्हणाली, गोळीनं गेला की त्यो.
म्हटलं, कोण गेला? कुणी नव्हतंच.
‘नव्हता तर गेला कोण गा?’
आणि मग, थोड्या वेळानं:
‘त्या मास्तरानं दोन तास ऐकून घेतलं बघ.
च्या गार झाला त्याचा.
तुमी कुणी कवा इचारलं?’

मी तेव्हा आठ वर्षांचा.
घमेल्यातल्या मिरच्या माळ्यावरून
मीच उतरवल्या होत्या.
मूठभर सांगितल्या होत्या,
मी ओंजळ भरून आणल्या.
कुणीतरी पाठ थोपटली होती.
हे कुठल्या प्रकरणात जाईल
मला माहीत नाही.

साहेबांचा निरोप आला आहे: शुक्रवारी छपाई,
मजकुराला हात लावू नका.
नाही लावला.
एकशे चौदावर ‘धूरी’ होतं, ‘धुरी’ केलं.
एक स्वल्पविराम काढला.
तळटिपेशेजारी समासात पेन्सिलीनं
आत्याचं नाव लिहिलं,
पूर्ण, आडनावासकट.
बराच वेळ बघत बसलो.

मग खोडलं.
तिला विचारायचं राहिलं होतं.