न गेलेली पत्रं

वराझ्दातला वेबसाइट नकोच होती.
"दुकान कोपऱ्यावर आहे," तो म्हणाला,
"ज्याचं घड्याळ थांबतं त्याला पाय असतातच."
पण पैसे त्याच्या सुनेनं दिले होते,
आणि ग्युम्रीतल्या त्या जानेवारीत
मला गॅसचं बिल भरायचं होतं.

मग सगळे करतात तेच मी केलं.
फुकटातली थीम, तिला इथल्या काळ्या दगडाचा रंग.
फोटो बारीक करणारं एक प्लगइन:
लंबकाचं पितळ चार एमबीचं होतं,
त्यानं नव्वद केबीत बसवलं, चमक न सांडता.
जुन्या फोनवर आमच्या अक्षरांचे चौकोन होऊ नयेत म्हणून एक.
रात्री तीनला उठून
सगळ्याची नक्कल काढून ठेवणारं एक.
आणि पानाच्या तळाशी 'आम्हाला लिहा',
एक साधा फॉर्म, नाव, गाव, मजकूर,
बनवणाऱ्याचा पत्ता नाही, नुसतं 'टोमेक ७'.

चार वर्षं कोणी लिहिलं नाही.
रस्त्यात भेटला की वराझ्दात
डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवायचा:
"हेघिने, तुझं पोस्ट उघडं असतं ना?"
मी म्हणायचे, असतं.

परवा सर्व्हरवाल्यांची तंबी आली:
हे प्लगइन जुनं झालं, काढा.
शेवटचा बदल सहा वर्षांपूर्वी.
'काढा' दाबलं तर त्यानं विचारलं,
अगदी नम्रपणे, जाता जाता:
एकशे सदतीस नोंदी जपून ठेवायच्या का?

पत्रं कुठे पाठवायची
ती एक चौकट मी रिकामी सोडली होती. मीच.
बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं कुठे न्यायची,
म्हणून सगळी पोटात ठेवून बसलं.
कधीच न खाल्लेल्या मिठाला जागलं.

एकसष्ट जाहिराती निघाल्या.
उरलेली छापली, कागद बगलेत मारला,
आणि चोरासारखी दुकानात शिरले.

तो रागावला नाही. त्यानं वही काढली,
प्रत्येक पत्र आलं त्या दिवसाच्या तारखेनं लिहिलं,
पुढे एक नवा रकाना: उशीर.
त्रेचाळीस दिवस. नऊशे दिवस.
एका पत्राशी त्याची पेन्सिल थांबली.
क्रास्नोदारहून कुणी सातेनिक:
"आजोबांचं घड्याळ इकडच्या माणसानं
मला न विचारता चालू करून दिलं.
तुम्ही ते परत थांबवून द्याल का?
अकरा एक्केचाळीसला. तुम्हाला कळेल."

ग्युम्रीत हे कुणालाही कळतं.
बराच वेळ दुकानात फक्त टिकटिक.
मग म्हणाला, "हिला आधी लिही.
घेऊन ये म्हणावं. पैसे नकोत.
आणि सांग, चालू करायला हात लागतो,
थांबवायला जरा जास्त वेळ लागेल."

नंतर त्याला हिशेब आठवला:
"ही पत्रं ज्यानं सांभाळली, त्याला काय दिलंस?"
काही नाही. फुकट असतं ते.
"फुकट कोण सांभाळतं?"
टोमेकच्या पानावर एक बटण होतं, 'एक कॉफी पाजा'.
दाबलं. ते पानच आता नव्हतं.

वराझ्दातनं स्पिरिटच्या दिव्यावर
पितळी भांड्यात कॉफी चढवली, तीन कप ओतले,
एक काउंटरच्या पलीकडे ठेवला, गिऱ्हाइकाच्या बाजूला.
आम्ही आमचे प्यायलो, मुकाट्यानं.
मग त्यानं तो तिसराही उचलला:
"गार झाली की हिची दया येते," म्हणाला, आणि प्यायला.

रात्री मी नवा फॉर्म बसवला.
पत्त्याची चौकट तीनदा वाचून भरली,
आणि स्वतःच एक पत्र टाकलं: 'चाचणी'.
सकाळी सहाला उत्तर आलं,
त्याच्या एका बोटानं, सुनेच्या फोनवरून:
"मिळालं. उशीर नाही."