आडवी पट्टी

माझं पहिलं टेबल भोसरीत,
पत्र्याच्या शेडमध्ये, पावडर कोटिंगच्या भट्टीला पाठ लावून.
मे महिन्यात ट्रेसिंग पेपर कोपराला चिकटायचा.
हजेरीपत्रकात नावापुढे ‘ट्रेनी’,
आणि त्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं ‘बाई’.

नमुने पांचाळ मिस्त्री करायचे.
ड्रॉइंग आधी उलटं धरून बघायचे.
म्हणायचे, सुलट काय, सगळ्यांचंच बरं दिसतं.
मग खुर्ची तयार झाली की
मागच्या दोन पायांवर झुलायचे तिच्यावर,
शेवटच्या बाकावरच्या पोरासारखे, कानामागची पेन्सिल न पाडता.
‘माणूस खुर्चीत बसतो कुठे, मॅडम?
टेकतो, रेलतो, वर चढून बल्ब बदलतो,
भांडण झालं की पायानं ढकलतो.
बसणं फक्त तुमच्या कागदावर.’

म्हणून मी मागच्या पायांमध्ये एक आडवी पट्टी टाकली.
जमिनीपासून एकशे दहा मिलिमीटर.
के-एकशे चौदा. माझी पहिली.

तिसऱ्या वर्षी गांगलसाहेबांनी
कॅल्क्युलेटर टेबलावरून माझ्याकडे वळवला.
पट्टीचे अडतीस रुपये.
वर्षाच्या खुर्च्या साठ हजार.
बावीस लाख ऐंशी हजार.
मी हिशेब पुन्हा करून पाहिला.
तेवढेच आले.

तोवर कॉम्प्युटर आले होते.
एक बटण दाबलं.
खोडरबराचा भुगासुद्धा फुंकावा लागला नाही.

त्या दिवाळीत मी असिस्टंट मॅनेजर.
मग मॅनेजर, मग पदांची नावं लांबत गेली
आणि ड्रॉइंगवरच्या माझ्या सह्या आखूड.
बाणेरला काचेची केबिन, तिथून टेकडीचा एक तुकडा.
मिलानच्या प्रदर्शनात एका इटालियन बाईला
मी पाटाबद्दल सांगितलं, चौरंगाबद्दल सांगितलं,
तिनं वहीत लिहून घेतलं.
हातांना फेव्हिकॉलचा वास यायचा थांबला नेमका कधी,
ते कुठल्याच अप्रेजलमध्ये नोंदलेलं नाही.

पांचाळ निवृत्त झाले तेव्हा
श्रीफळ, शाल, आणि एक के-एकशे चौदा.
त्यांनी खुर्ची उलटी केली, सवयीनं.
मागच्या पायांमधल्या रिकाम्या जागेतून
एक बोट फिरवलं, या पायापासून त्या पायापर्यंत.
माझ्याकडे बघितलं नाही.
रिक्षात घालून घेऊन गेले.

मागच्या मंगळवारी, भवानी पेठेत,
आईची ठेव मोडायला पतसंस्थेत गेले होते.
बाकावर जागा नव्हती. कोपऱ्यात एक खुर्ची होती.
रंग उडालेला, सीटला खाकी टेप,
तरी आपलं पोर ओळखू येतंच.
वाकून पाहिलं.
मागच्या पायांमध्ये एक लाकडाची पट्टी,
कुठल्याशा मोडक्या चौकटीची, जुन्या बिजागरीची खाच तशीच,
दोन्हीकडे बांधणीच्या तारेचे वेढे.
पर्समध्ये टेप असतोच.
एकशे आठ.

‘काय हरवलं का बाई?’ शिपायानं विचारलं.
ही पट्टी कुणी लावली?
‘मीच. काय करणार, पाय फाकले होते.
एक आजोबा पडले होते मागे, पेन्शनवाले.
नाही नाही, फार नाही लागलं.’

फार नाही लागलं.
पंचवीस वर्षांचे रकाने आठवून पाहिले,
हे कुठे भरायचं.

त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.
खरं तर विचारलं नाही.
विचारलं असतं तर माझंही सांगावं लागलं असतं.

मी बसले.
मग कुणी बघत नाही असं पाहून
अगदी हळू, चपलांची टोकं जमिनीवर टेकवून,
मागच्या दोन पायांवर गेले.
तार कुरकुरली. पट्टीनं धरलं.

‘सत्तेचाळीस,’ खिडकीतून आवाज आला.
माझाच नंबर होता.
थोडा वेळ उठले नाही.